आपले प्रश्न : लघवीच्या पट्टीवरची रेघ नेमके काय सांगते?

गेल्या अंकातील एका उत्तरात, प्रकाशाच्या साहाय्याने लघवीतील मॉर्फिन ओळखणाऱ्या जैवसंवेदकांचा, म्हणजे बायोसेन्सरचा, मी ओझरता उल्लेख केला होता. त्यावर कोल्हापुरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून पत्रे आली. त्यांतील सहा येथे घेतली आहेत. विषय नाजूक असल्याने कोणाचेही नाव दिलेले नाही. ओपिऑइड हा शब्द पुढे वारंवार येईल. अफूच्या चिकातून मिळणारी मॉर्फिन व कोडीन, मॉर्फिनवर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेले हेरॉईन आणि अफूशी काहीही संबंध न येता कारखान्यात तयार होणारी ट्रामाडॉल व फेंटानिल ही सारी औषधे त्या एका शब्दात येतात.

प्रश्न : ताई, माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. गेले काही महिने तो उशिरापर्यंत बाहेर राहतो, जेवणावर त्याचे लक्ष नसते. मी ऑनलाइन तपासणीची पट्टी मागवली आणि त्याला सांगून त्याची लघवी तपासली. दोन रेघा आल्या, त्यांतली एक अगदी फिकी. दोन रेघांचा अर्थ मला ठाऊक आहे, म्हणून मी त्याला नको ते बोलले. तीन दिवस झाले, तो माझ्याशी बोलत नाही. फिकी रेघ म्हणजे थोडेच घेतले, असे समजायचे का? (राजारामपुरी)

उत्तर : ताई, आधी तेवढे एक वाक्य वाचा : या पट्टीवर दोन रेघा येणे म्हणजे अमली पदार्थ न आढळणे, आणि दुसरी रेघ कितीही फिकी असली तरी अर्थ तोच. आपल्याला जी पट्टी ओळखीची आहे ती गर्भधारणेची. तिथे दोन रेघा म्हणजे ‘होय’. इथे सगळे उलटे आहे आणि या उलटेपणामुळे अनेक घरांत आपल्यासारखाच गैरसमज होतो.

हे उलटे का, ते समजून घेतले तर पुन्हा चूक होणार नाही. गर्भधारणेच्या पट्टीत जे संप्रेरक शोधायचे असते त्याचा रेणू बराच मोठा असतो. त्यामुळे एक अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूलाच पकडणारे प्रथिन, त्याला एका बाजूने आणि दुसरी दुसऱ्या बाजूने धरू शकते, आणि दोघींच्या मध्ये तो सापडला की रंगाची रेघ उमटते. मॉर्फिनचा रेणू मात्र फारच लहान आहे. अँटिबॉडीचे रेणुभार सुमारे दीड लाख, तर मॉर्फिनचे अवघे २८५. एका अँटिबॉडीने त्याला पकडले की दुसरीला धरायला जागाच उरत नाही. म्हणून इथे स्पर्धेची युक्ती वापरली जाते. पट्टीच्या तळाशी, जिथे आपण थेंब टाकतो त्याच्या जवळ, सोन्याचे अतिसूक्ष्म कण चिकटवलेल्या अँटिबॉडी कोरड्या अवस्थेत ठेवलेल्या असतात. लघवी वर चढू लागली की त्या तिच्याबरोबर वाहत निघतात. वाटेत ‘टी’ या अक्षराशी, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका रेषेवर, मॉर्फिनच मोठ्या प्रथिनाला जोडून पक्के बसवलेले असते. लघवीत मॉर्फिन नसेल तर अँटिबॉडी मोकळ्या हातांनी तिथे पोहोचतात, त्या बसवलेल्या मॉर्फिनला धरतात आणि त्यांच्याबरोबर आलेल्या सोन्याच्या कणांमुळे लाल रेघ दिसते. लघवीत मॉर्फिन पुरेसे असेल तर अँटिबॉडींचे हात वाटेतच भरलेले असतात. त्या ‘टी’वरून तशाच पुढे निघून जातात आणि तिथे काही उमटत नाही. पट्टीवर ‘सी’ या अक्षराशी येणारी रेघ वेगळी : तिथे कोणतीही अँटिबॉडी अडकते, आणि पट्टी नीट चालली एवढेच ती सांगते. ‘सी’ उमटली नाही तर पट्टी बाद, मग ‘टी’वर काहीही असो.

रेघेचा फिकेपणा पट्टीच्या जातीवर, लघवीतील क्षारांवर आणि आपण किती मिनिटांनी पाहिले यावर अवलंबून असतो. पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच पट्टी वाचावी. तासाभराने कचऱ्यातून काढून पुन्हा पाहू नये.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अफूजन्य पदार्थांची साधी पट्टी मॉर्फिनच्या घडणीवर बेतलेली असते. ट्रामाडॉल, फेंटानिल, व्यसनमुक्तीच्या उपचारात देतात ती ब्युप्रेनॉर्फिन, यांची घडण वेगळी असल्याने त्या पट्टीला ती बहुधा दिसत नाहीत. प्रत्येकासाठी स्वतंत्र पट्टी असते. शिवाय मॉर्फिनही लघवीत साधारण दोन-तीन दिवसच सापडते. त्यामुळे आपल्या दोन रेघांनी मुलावरच्या आरोपाचा आधार गेला, पण आपली काळजी खोटी ठरली असे मी म्हणणार नाही. जेवण आणि झोप बिघडण्याची कारणे अनेक असतात. मुलाला जे बोललात त्याबद्दल त्याच्याजवळ स्पष्ट शब्दांत चूक कबूल करा आणि मगच बाकीचे विचारा. गरज वाटली तर केंद्र शासनाची १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची निःशुल्क हेल्पलाइन आहे. तिथे पालकांनाही बोलता येते. पुढची पट्टी मागवण्यापूर्वी तिथे बोला, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : आमची गुजरीत पिढीजात पेढी आहे. पट्टीवरची लाल रेघ सोन्याची असते असे आपण लिहिले होते. आम्ही जन्मभर सोने हाताळले. तांब्याच्या भेसळीने ते तांबूस होते हे खरे, पण शुद्ध सोने लाल कसे होईल? (गुजरी)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. आटणीत वितळलेले, पत्र्याला ओढलेले किंवा साजाच्या मण्यांत भरलेले सोने पिवळेच दिसणार. परंतु त्याच शुद्ध सोन्याचे कण वीस ते चाळीस नॅनोमीटर इतके बारीक करून पाण्यात तरंगत ठेवले, तर ते पाणी माणकासारखे लाल दिसते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली अशा लाल सोन्यावर सविस्तर निबंध लिहिला होता, आणि त्यांनी तयार केलेले द्रव लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेले आहेत.

कारण असे. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. कण इतका लहान झाला की प्रकाशाच्या एका ठरावीक रंगाबरोबर ते सगळे एका तालात हेलकावू लागतात आणि तो रंग शोषून घेतात. झोपाळ्याला त्याच्या लयीतच हात दिला की तो उंच जातो, तसे हे आहे. सोन्याच्या लहान कणांच्या बाबतीत हा ताल हिरव्या प्रकाशाशी, सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीशी जुळतो. हिरवा नाहीसा झाला की उरलेला प्रकाश डोळ्यांना लाल दिसतो. तेच कण एकमेकांना चिकटून गोळा झाले की ताल बदलतो आणि रंग जांभळा-निळा होतो. काही संवेदक लघवीत पदार्थ असल्याची खूण म्हणून हाच लाल-निळा बदल वापरतात. प्रत्यक्ष लघवीत मात्र एक अडचण येते : नुसत्या क्षारांनीही हे कण गोळा होतात, त्यामुळे नमुना आधी सौम्य करून घ्यावा लागतो.

आपल्या व्यवसायाला जवळचे असे आणखी एक उपकरण आहे. काचेच्या लोलकावर सोन्याचा सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा थर चढवतात. वर्ख कुटणाऱ्यालाही साधणार नाही इतका तो पातळ असतो. खालून लोलकातून त्यावर प्रकाश सोडला तर एका विशिष्ट कोनात परावर्तन जवळजवळ नाहीसे होते, कारण त्या कोनात प्रकाशाची ऊर्जा सोन्याच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांना मिळते. याला पृष्ठभागीय प्लाझ्मॉन अनुनाद म्हणतात. सोन्याच्या वरच्या बाजूला काही रेणू येऊन बसले की हा कोन किंचित सरकतो, आणि त्या सरकण्यावरून किती रेणू बसले हे कळते. लोलकाची ही मांडणी १९६८ सालची. तिचा संवेदक म्हणून वापर स्वीडनमधील संशोधकांनी १९८३ साली दाखवून दिला. मॉर्फिनसारखा हलका रेणू बसल्याने कोन फारच थोडा हलतो, म्हणून इथेही तीच उलटी युक्ती करतात : मॉर्फिन सोन्यावर बसवायचे, लघवीत मोजून अँटिबॉडी मिसळायच्या, आणि त्यांतल्या किती मोकळ्या राहून सोन्यापर्यंत पोहोचल्या हे पाहायचे. अँटिबॉडी जड असते, तिच्या येण्याने कोन स्पष्ट हलतो. तो जितका कमी हलला तितके लघवीत मॉर्फिन जास्त. पट्टी ‘आहे-नाही’ एवढेच सांगते. या उपकरणाने ‘किती’ हेही सांगता येते.

प्रश्न : मी तालमीत सराव करतो. पांढऱ्या रश्श्यात खसखस असते. स्पर्धेआधी आखाड पार्टीत भरपूर रस्सा प्यायला तर तपासणीत अफू सापडेल का? वस्ताद म्हणतात सापडेल, मित्र हसतात. (मंगळवार पेठ)

उत्तर : वस्तादांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. खसखस हे अफूच्याच झाडाचे बी. बियांच्या आत मॉर्फिन जवळजवळ नसते, पण बोंडाच्या चिकाचा अंश त्यांच्या टरफलाला लागून येतो. तो किती, हे वाणावर आणि बी कसे काढले यावर ठरते, आणि एका मालापासून दुसऱ्या मालात पुष्कळ फरक पडतो. खसखस धुतल्याने, भिजवून पाणी टाकल्याने आणि चांगली शिजवल्याने हा अंश घटतो. रश्श्याच्या वाटणात ती नारळ, काजू, तीळ यांच्याबरोबर वाटली जाते, आणि वाटीभर रश्श्यात तिचा वाटा थोडाच असतो. नशा येण्याइतके मॉर्फिन त्यातून पोटात जात नाही. पट्टीला दिसण्याइतके मात्र कधीकधी जाऊ शकते.

अमेरिकेत हाच प्रश्न खसखस घातलेल्या पावामुळे इतका वाढला की सरकारी नोकरांच्या प्राथमिक तपासणीत मिलिलीटरला ३०० नॅनोग्रॅम ही मर्यादा होती, ती १९९८ साली २००० करण्यात आली. तरीही २०२३ च्या फेब्रुवारीत तेथील संरक्षण खात्याने सैनिकांना खसखस टाळण्याची सूचना दिलीच. बाजारातल्या अनेक पट्ट्या आजही ३०० वर बेतलेल्या असतात. त्यामुळे एकच लघवी एका पट्टीवर ‘आहे’ आणि दुसऱ्या पट्टीवर ‘नाही’ ठरू शकते.

खेळाडूंच्या उत्तेजक तपासणीत मॉर्फिनला स्पर्धेच्या काळापुरती बंदी आहे आणि त्याला मिलिलीटरला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे १००० नॅनोग्रॅम, अशी मर्यादा ठरवलेली आहे. तिथे निकाल पट्टीवर दिला जात नाही. रेणूचे तुकडे करून त्यांचे वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीने तो दिला जातो. हेरॉईन घेतलेल्याच्या लघवीत सहा-मोनोॲसिटिलमॉर्फिन नावाचा एक खास रेणू काही तासांपुरता सापडतो. तो खसखशीतून कधीच येत नाही. तरीही माझा सल्ला वस्तादांच्या बाजूचा आहे : स्पर्धेच्या आधीचे दोन-तीन दिवस रस्सा बाजूला ठेवा. आणि रश्श्यापेक्षा गोळ्यांना अधिक जपा. कंबरेच्या दुखण्यावर सर्रास घेतली जाणारी ट्रामाडॉल १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धाकाळात बंदी असलेल्या औषधांत आहे.

प्रश्न : मी ग्रामीण भागातील खासगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. व्यसनमुक्ती केंद्राकडून आमच्याकडे नमुने येतात. पट्टी बरोबर चालली तरी निकाल चुकू शकतो का? मालक म्हणतात, रेघ दिसते ते लिहा. (गडहिंग्लज)

उत्तर : चुकू शकतो, आणि हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका व्यक्तीचा नमुना माझ्याकडे आला. बाटलीतली लघवी गडद नारिंगी होती. यंत्रावर अफूजन्य पदार्थ ‘आढळले’ असे आले. मी तसेच लिहून दिले. आठ दिवसांनी त्यांची पत्नी औषधांची पिशवी घेऊन आली. त्यात क्षयरोगाच्या गोळ्या होत्या. त्यांतल्या रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते, आणि काही इम्युनोअसे, म्हणजे अँटिबॉडीवर चालणाऱ्या, पद्धतींत तेच रिफॅम्पिसिन अफूजन्य पदार्थांचा खोटा निकाल देते. नमुन्याचा रंग माझ्या डोळ्यांसमोर होता, तरी मी एक प्रश्न विचारला नव्हता. तोवर त्या गृहस्थांना कामावरून कमी केले गेले होते. पुढे दुसऱ्या पद्धतीने केलेल्या तपासणीत काहीही आढळले नाही, पण नोकरी परत मिळाली नाही.

त्यानंतर मी नमुन्याबरोबर गेल्या आठवड्यातील सर्व औषधांची यादी घेतल्याशिवाय हात लावत नसे. लिव्होफ्लॉक्सॅसिन आणि ऑफ्लॉक्सॅसिन ही नेहमीची प्रतिजैविकेही काही पद्धतींत मॉर्फिनचा आभास निर्माण करतात. कोडीन असलेले खोकल्याचे औषध घेतल्यास निकाल खोटा नसतो, कारण शरीर कोडीनचे थोडे मॉर्फिन करतेच. परंतु त्यावरून माणसाला व्यसनी म्हणणे चूक ठरेल.

उलट दिशेची चूक नमुन्यातून होते. पाणी घातले की सगळेच पातळ होते. म्हणून नमुना हाती येताच चार मिनिटांच्या आत त्याचे तापमान पाहावे. ते ३२ ते ३८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून तयार होऊन लघवीत उतरणारा पदार्थ, डेसिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर नमुना पातळ समजावा, आणि २ पेक्षाही कमी असेल तर ती माणसाची लघवीच नव्हे असे धरावे. आणखी एक गोष्ट पुस्तकात बारीक अक्षरांत असते : मॉर्फिनचा मोठा भाग यकृतात ग्लुकुरॉनिक आम्ल या साखरेसारख्या रेणूला जोडला जाऊन लघवीत उतरतो. जी अँटिबॉडी फक्त सुट्या मॉर्फिनला ओळखते तिला तो जोडलेला भाग दिसत नाही. आपल्या किटचे पत्रक यासाठी एकदा शेवटपर्यंत वाचा.

मालकांना एवढे सांगा की ‘प्राथमिक तपासणीत आढळले, खात्रीची तपासणी आवश्यक’ हे शब्द अहवालात घालायला शाईचाही खर्च नाही. खात्रीची तपासणी म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करणाऱ्या गॅस किंवा लिक्विड क्रोमॅटोग्राफीला जोडलेली मास स्पेक्ट्रोमेट्री, आणि तिच्यासाठी त्याच नमुन्याचा दुसरा भाग सीलबंद करून शीतपेटीत ठेवलेला असला पाहिजे. तो ठेवलाच नसेल तर चूक सुधारण्याचा मार्गच बंद होतो.

प्रश्न : मी पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी आहे. अँटिबॉडीशिवाय, केवळ प्रकाशाने ओपिऑइड ओळखता येतील का? मोबाइलच्या कॅमेऱ्याने ही तपासणी होऊ शकते का? (शिवाजी विद्यापीठ परिसर)

उत्तर : अँटिबॉडीशिवाय ओळख होऊ शकते, आणि तिची मुळे आपल्याच देशातील आहेत. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी जाहीर केलेल्या परिणामानुसार, रेणूवर आदळून विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प भाग रंग बदलून येतो, आणि तो बदल प्रत्येक रेणूचा स्वतःचा असतो. मॉर्फिन आणि फेंटानिल यांची ही ओळख बोटांच्या ठशांसारखी वेगळी दिसते. अडचण एवढीच की हा प्रकाश फारच क्षीण असतो. १९७४ साली इंग्लंडमध्ये असे दिसले की खडबडीत चांदीवर बसलेल्या रेणूंचा हा संकेत प्रचंड वाढतो. हुपरीची चांदी आपण दागिन्यांतच पाहतो, पण या कामी चांदी सोन्याहूनही सरस आहे. फक्त ती काळी पडते आणि आजचा पृष्ठभाग उद्या तसाच राहील याची हमी देता येत नाही, म्हणून पुष्कळजण सोन्याकडे वळतात.

तुला किती बारीक शोध घ्यायचा आहे याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब करून पाहा. फेंटानिल लघवीत मिलिलीटरला १ नॅनोग्रॅम इतक्या पातळीवर पकडावे लागते. दहा हजार लिटरचे शंभर टँकर पाणी भरून त्यात एक ग्रॅम पूड मिसळली तर एवढी तीव्रता होते. त्याच मिलिलीटरभर लघवीत युरिया, युरिक आम्ल आणि क्रिएटिनिन लाखो पटींनी अधिक असतात आणि चांदीवरच्या जागा तेच आधी अडवतात. अतिनील प्रकाशात लघवी स्वतःच चमकते, तो त्रास वेगळा. म्हणून बहुतेक प्रयोगांत ओपिऑइड आधी लघवीतून वेगळे काढले जाते, आणि ज्या शोधनिबंधात शुद्ध पाण्यातील आकडे ठळक असतात त्यात प्रत्यक्ष लघवीचे आकडे कुठे आहेत हे आधी शोधावे, असे मी तुला सांगेन.

अँटिबॉडीऐवजी ॲप्टामर, म्हणजे विशिष्ट रेणूभोवती घडी घालून बसणारे डीएनएचे लहान धागे, १९९०च्या दशकापासून उपलब्ध आहेत. ते यंत्रावर बनवता येतात आणि उन्हाळ्यात अँटिबॉडीइतके लवकर बिघडत नाहीत. त्यांची घडी मात्र क्षारांवर अवलंबून असते, आणि लघवीतील क्षार सकाळ-संध्याकाळ बदलतात.

मोबाइलविषयी थोडक्यात : कॅमेरा रेघेचा गडदपणा डोळ्यांपेक्षा नेमका मोजतो, पण तो छायाचित्र सुंदर करण्यासाठी रंग आपोआप बदलतो. काळ्या खोक्यात ठरावीक एलईडी लावून, कॅमेऱ्याच्या स्वयंचलित सोयी बंद करून प्रयोग कर. एकाच पट्टीचे दुपारी खिडकीशी आणि रात्री ट्यूबलाइटखाली छायाचित्र घेऊन दोन्ही आकडे ताडून पाहिलेस तर मी काय म्हणते ते लगेच दिसेल.

प्रश्न : वडिलांना कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आहेत. लघवीत मॉर्फिन सापडले तर पोलिसांचा त्रास होईल, या भीतीने ते अर्धीच गोळी घेतात आणि रात्रभर कण्हतात. काय करावे? (कागल)

उत्तर : त्यांच्या लघवीत मॉर्फिन सापडणारच. औषध पोटात गेल्याची ती खूण आहे आणि त्यात गुन्हा नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने वैद्यकीय उपयोगाला मुभा दिलेली आहे, आणि २०१४ च्या दुरुस्तीने तर मॉर्फिनसारखी वेदनाशामके रुग्णांना सुलभपणे मिळावीत यासाठी वेगळी तरतूद केली. गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पूर्ण आणि वेळेवर द्या, आज रात्रीपासूनच. डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत त्यांच्या पाकिटात आणि मूळ चिठ्ठी घरी गोळ्यांच्या डबीबरोबर ठेवा, आणि डबी घरातील मुलांच्या हाती लागणार नाही अशी कुलपात असू द्या.